नेमबाजीचा चष्मा

नेमबाजीचा चष्मा हा रायफल, पिस्तूल किंवा शॉटगन चालवताना डोळ्यांवर घालण्यात येणारा विशेष प्रकारचा चष्मा होय. या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू येतात. पहिली वस्तू म्हणजे डोळ्यांचे इजेपासून रक्षण करणारा, कडेपर्यंत वळलेला, न फुटणाऱ्या काचेचा *संरक्षक चष्मा*. दुसरी म्हणजे एका डोळ्यासमोर छोटीशी गोल काच नेमकी हव्या त्या जागी धरून ठेवणारा, स्क्रूंनी जुळवता येणारा *स्पर्धेचा चष्मा*. पहिल्याचे काम डोळा वाचवणे, दुसऱ्याचे काम नेम स्पष्ट दाखवणे. दोहोंची गुणवत्ता वेगवेगळ्या कसोट्यांवर ठरते आणि किमतीची कारणेही वेगळी असतात. हा भेद लक्षात न घेता केलेली खरेदी बहुधा फसते. महागडा स्पर्धेचा चष्मा घेऊनही डोळा उघडाच राहतो, किंवा चांगला संरक्षक चष्मा घेऊनही नेम धूसरच दिसतो.

== नेम धरताना डोळ्यापुढील अडचण ==

पिस्तुलाचा नेमबाज एकाच वेळी तीन गोष्टी पाहत असतो: पिस्तुलाच्या मागच्या टोकावरील खाच (मागची साइट), नळीच्या टोकावरील उभा दांडा (पुढची साइट) आणि १० किंवा २५ मीटरवरील लक्ष्य. रायफलमध्ये मागच्या साइटच्या जागी डोळ्याजवळ एक बारीक छिद्र असते आणि पुढच्या साइटमध्ये बहुधा एक कडे असते. त्या कड्याच्या मधोमध लक्ष्याचे काळे वर्तुळ बसवायचे असते. मानवी डोळ्याला एका क्षणी एकाच अंतरावरची वस्तू पूर्ण स्पष्ट दिसते. त्यामुळे या तिन्हींपैकी दोन गोष्टी थोड्याफार अस्पष्ट राहणारच.

अशा वेळी स्पष्ट दिसायला हवी ती पुढची साइट, यावर बहुतेक प्रशिक्षकांचे एकमत आहे. त्याचे कारण साध्या भूमितीत आहे. हवेच्या पिस्तुलाच्या दोन साइटमधील अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर धरले आणि पुढची साइट मागच्या खाचेत केवळ १ मिलिमीटरने बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३ सेंटिमीटर बाजूला लागतो. उलट दोन्ही साइट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या असताना संपूर्ण पिस्तूल लक्ष्यावर १ सेंटिमीटर सरकले, तर चूक १ सेंटिमीटरचीच होते. म्हणजे लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते, साइट धूसर दिसून चालत नाही.

चुकीला किती वाव आहे हे लक्ष्याच्या मापांवरून कळते. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. ५० मीटर रायफलमध्ये ते १०.४ मिलिमीटरचे असते, तर १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचे वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका असतो.

== काचेचा नंबर ==

तरुण डोळ्यातील भिंग लवचीक असते. ते स्वतःच फुगून जवळची वस्तू स्पष्ट करते. म्हणून ज्यांना चष्मा लागत नाही अशा शाळकरी नेमबाजांना बहुधा नंबराच्या काचेची गरजच नसते. चाळिशीच्या सुमारास ही लवचीकता कमी होते आणि वाचायला चष्मा लागतो. मराठीत त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात. याच वयात पिस्तुलाची पुढची साइट धूसर होऊ लागते.

मात्र वाचनाचा चष्मा येथे उपयोगी पडत नाही. पुस्तक सुमारे ४० सेंटिमीटरवर धरले जाते, तर हात लांब केल्यावर पिस्तुलाची पुढची साइट पाऊण मीटरच्या आसपास असते. रायफलची पुढची साइट त्याहूनही दूर, सुमारे १ मीटरवर असते. भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात आणि ती मीटरमधील अंतराच्या व्यस्त असते. पाऊण मीटरसाठी ती सुमारे १.३३ डायॉप्टर येते. संपूर्ण शक्ती दिली तर साइट रेखीव दिसते, पण लक्ष्य विरघळून जाते. म्हणून प्रचलित पद्धत अशी आहे की, दूरच्या नंबरात या शक्तीच्या साधारण निम्मी शक्ती मिळवावी. पिस्तुलासाठी ही भर +०.५० ते +०.७५ आणि रायफलसाठी +०.५० किंवा त्याहून कमी येते. उदाहरणार्थ, ज्याचा दूरचा नंबर −२.०० आहे अशा पिस्तूल नेमबाजाची काच −१.२५ ते −१.५० च्या दरम्यान असेल. नेमका आकडा मात्र प्रत्यक्ष पिस्तूल धरून पाहिल्यावरच ठरतो, आणि वय वाढेल तसा तो बदलतो.

सिलिंडरचा नंबर (दृष्टिवैषम्य) असलेल्यांच्या बाबतीत आणखी एक अट आहे. सिलिंडरच्या काचेला दिशा असते. गोल काच चौकटीत थोडी जरी फिरली तरी तिचा उपयोग कमी होतो. म्हणून अशा काचेवर खूण करून ठेवावी लागते, आणि नेम धरताना मान जितकी कलते तितका कोन हिशेबात घ्यावा लागतो.

दुकानातील यंत्रावर काढलेला नंबर घेऊन थेट काच करवणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. डोळे तपासणाऱ्यास पुढच्या साइटचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून सांगितले पाहिजे. हे अंतर दुसऱ्या कोणाकडून फीत लावून मोजून घेता येते आणि त्याला काहीही खर्च येत नाही. त्याच्या अभावी महागातील महाग काचही चुकीची ठरू शकते.

== साधा चष्मा का पुरत नाही ==

रोजचा चष्मा समोर सरळ पाहण्यासाठी बनवलेला असतो. भिंगाचा मध्य बुबुळासमोर येईल अशी त्याची रचना असते. रायफलचा नेमबाज गाल लाकडावर टेकवून, मान पुढे व आडवी करून पाहतो. विशेषतः पडून नेम धरताना त्याची नजर काचेच्या मध्यातून न जाता नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून जाते.

भिंगाच्या मध्यापासून दूर पाहिले की भिंग लोलकासारखे वागते. प्रेंटिसच्या नियमानुसार लोलकाचा हा परिणाम भिंगाची शक्ती आणि मध्यापासूनचे सेंटिमीटरमधील अंतर यांच्या गुणाकाराइतका असतो. −४ नंबरच्या काचेतून १ सेंटिमीटर बाजूने पाहिल्यास तो ४ लोलक-डायॉप्टर होतो. यामुळे दृश्य सरकते. पण साइट आणि लक्ष्य दोन्ही बरोबरीने सरकत असल्याने केवळ तेवढ्याने नेम चुकतो, हा समज बरोबर नाही. खरे नुकसान दुसरेच असते. प्रकाशाचे अपस्करण होऊन काळ्या वर्तुळाला रंगीत कड येते, आणि काच तिरकी पडल्याने नसलेले दृष्टिवैषम्य निर्माण होते. वर्तुळाची कड आणि कड्याची कड यांमधील पांढरी फट सगळीकडे सारखी आहे की नाही, हे पाहण्यावरच रायफलचा सगळा नेम अवलंबून असतो. कडाच फुटकी दिसली तर तो निर्णय डगमगतो.

कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळाबरोबर फिरत असल्याने तिचा मध्य नेहमी जागेवर राहतो आणि काही नेमबाज तिला पसंती देतात. तथापि, एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, लेन्स कोरडी पडते आणि दृश्य मधूनच ढगाळते.

== चौकट ==

स्पर्धेच्या चष्म्यातील किमतीचा मोठा भाग काचेत नसून चौकटीत असतो. खरेदीदाराला सहसा उलट वाटते.

या चष्म्याला नेहमीच्या दोन काचांऐवजी एक आडवी धातूची दांडी असते. तिच्यावर काच धरणारे कडे सरकते. हे कडे डावीकडे-उजवीकडे, वर-खाली आणि डोळ्याच्या जवळ-दूर नेता येते, तसेच तिरके करता येते. नाकावरची पकड आणि कानांमागील काड्या यांची लांबीही बदलता येते. काच नजरेच्या रेषेला काटकोनात आणि भिंगाचा मध्य त्या रेषेवर आणणे हाच या सगळ्या स्क्रूंचा हेतू असतो. कड्यात बसणाऱ्या काचांचे प्रचलित व्यास २३, ३७ आणि ४२ मिलिमीटर आहेत. लहान काच हलकी असते आणि जागेवर आणायला सोपी जाते. मोठ्या काचेत मान थोडी हलली तरी नजर कडेला अडकत नाही.

जर्मनीतील क्नोब्लोख आणि स्वित्झर्लंडमधील चॅम्पियन व येग्गी ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. त्यांच्या साध्या चौकटीची युरोपातील किंमत सर्वसाधारणपणे दीडशे ते तीनशे युरोंच्या दरम्यान असते. काच, झापड आणि छिद्राचा जोड यांचे पैसे वेगळे पडतात. भारतात येईपर्यंत त्यावर वाहतूक, आयात शुल्क आणि विक्रेत्याचा नफा चढतो.

चौकटीची गुणवत्ता तपासण्याच्या काही खुणा आहेत. स्क्रू घट्ट केल्यावर कडे किंचितही सरकता कामा नये. सैल करून पुन्हा बसवल्यावर ते पूर्वीच्याच जागी आणता आले पाहिजे. यासाठी चांगल्या चौकटींवर मापाच्या रेषा कोरलेल्या असतात. रायफलचा नेमबाज एकाच स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पडून आणि उभे राहून नेम धरतो. प्रत्येक स्थितीत मान वेगळी असते आणि दर वेळी काचेची जागा बदलावी लागते. ज्याला जागा बदलायचीच नाही अशा एअर पिस्तुलाच्या नवशिक्याने या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. स्वस्त नकलांचे दुखणे प्रायः आट्यांमध्ये असते. मऊ धातूचे आटे वर्षभरात झिजतात आणि मग कडे आपल्या वजनानेच खाली झुकते.

चौकट महाग असण्यामागे धातूपेक्षाही मोठे कारण म्हणजे अल्प उत्पादन. रोजच्या चष्म्याच्या चौकटी प्रचंड संख्येने निघतात. नेमबाजीच्या चौकटीला जगभरात मिळून मोजकेच ग्राहक असतात. मात्र चांगली चौकट कित्येक वर्षे टिकते आणि नंबर बदलला तरी फक्त काच बदलावी लागते. त्यामुळे जुनी, वापरलेली चौकट घेणे हा व्यवहार सहसा तोट्याचा ठरत नाही. संरक्षक चष्म्याबाबत असे म्हणता येत नाही, कारण एकदा आघात सोसलेली किंवा ओरखडे पडलेली काच टाकूनच द्यावी लागते.

== काच ==

स्पर्धेच्या चष्म्यात सीआर-३९ हे कठीण प्लॅस्टिक किंवा खनिज काच वापरतात. संरक्षक चष्म्यात पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स वापरतात. या निवडीमागे अपस्करणाचा हिशेब आहे. एखादा पदार्थ रंग किती कमी फाकवतो हे ॲबे अंकाने सांगतात. अंक जितका मोठा तितके दृश्य निर्मळ. सीआर-३९ चा ॲबे अंक सुमारे ५८, ट्रायव्हेक्सचा ४३ ते ४५ आणि पॉलिकार्बोनेटचा सुमारे ३० आहे. लोलकाच्या परिणामाला ॲबे अंकाने भागले की रंगीत कडेचे माप मिळते. ते साधारण ०.१ च्या पुढे गेले की डोळ्याला जाणवू लागते. वरील −४ नंबरच्या उदाहरणात सीआर-३९ साठी ते ०.०७, तर पॉलिकार्बोनेटसाठी ०.१३ येते. न फुटण्याचा गुण आणि निर्मळ दिसण्याचा गुण एकाच पदार्थात पूर्णपणे मिळत नाहीत. ट्रायव्हेक्स हा दोहोंमधला मार्ग आहे, पण त्याची किंमत अधिक असते. नजर भिंगाच्या मध्यातून जात असेल तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परावर्तनरोधक लेप हा काचेवरील एकमेव जास्तीचा खर्च बहुतेकांच्या बाबतीत सार्थकी लागतो. लेप नसलेल्या सीआर-३९ च्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ८ टक्के. पॉलिकार्बोनेटमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. हरवलेल्या प्रकाशापेक्षा अधिक त्रास मागून येणाऱ्या दिव्याच्या प्रतिबिंबाचा होतो.

=== रंगीत काचा ===

पिवळ्या काचेने 'जास्त दिसते' असा समज सर्वत्र आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बॉश अँड लॉम्ब कंपनीने रे-बॅन या नावाखाली 'शूटर' हा चष्मा आणला. तेव्हापासून पिवळी काच आणि नेमबाजी यांची सांगड घट्ट झाली. वास्तविक कोणतीही रंगीत काच प्रकाश वाढवत नाही, कमीच करते. पिवळी काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे ढगाळ हवेत आकाश आणि वस्तू यांमधील भेद उठून दिसतो आणि मनाला उजेड वाढल्यासारखा वाटतो. पांढऱ्या कागदावरील काळे वर्तुळ बंदिस्त सभागृहातील दिव्यांत पाहणाऱ्याला तिचा लाभ फारसा होत नाही.

रंगाचे खरे महत्त्व शॉटगनच्या ट्रॅप आणि स्कीट या प्रकारांत आहे. तेथे ११० मिलिमीटर व्यासाची उडती तबकडी हिरव्या झाडीपुढे किंवा निळ्या आकाशापुढे क्षणार्धात हेरावी लागते. नारिंगी तबकडी हिरवळीपुढे दिसावी म्हणून जांभळट काच, तर प्रखर उन्हात करडी काच वापरतात. म्हणून या प्रकारातील नेमबाज एकाच चौकटीत बदलता येणारे तीन-चार रंगांचे संच घेतात, आणि किंमत तेथे वाढते. आरशासारखा चकाकणारा लेप मात्र मुख्यतः शोभेचा असतो.

== छिद्र आणि झापडे ==

काचेपुढे लहान-मोठे करता येणारे छिद्र (आयरिस) जोडल्यास साइट आणि लक्ष्य दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात, कारण बारीक छिद्रातून पाहिल्यास स्पष्टतेचा पल्ला वाढतो. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. छिद्राचा व्यास निम्मा केला की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. रायफलच्या मागच्या साइटलाच छिद्र असल्याने चष्म्यावरील छिद्राचा उपयोग मुख्यतः पिस्तूल नेमबाजांना होतो.

दुसऱ्या डोळ्यापुढे झापड लावतात. तो डोळा मिटून घेतला तर चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात. झापड काळे असेल तर झाकलेल्या डोळ्याची बाहुली अंधारामुळे मोठी होते आणि तिच्याबरोबर नेम धरणाऱ्या डोळ्याचीही बाहुली पसरते. म्हणून झापड पांढरे किंवा दुधी, उजेड आत येऊ देणारे असावे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमांनुसार समोरच्या झापडाची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. रायफल आणि पिस्तूल प्रकारांत बाजूची झापडे ४० मिलिमीटरपर्यंतच असू शकतात. दुधी प्लॅस्टिकचा मापाने कापलेला तुकडा साध्या चष्म्याला चिकटवला तरी हे काम होते. विकतचे झापड त्याहून अधिक काही करत नाही.

याच नियमांनुसार पिस्तुलावर नंबराची काच किंवा रंगीत काच बसवता येत नाही. ती नेमबाजाच्या डोळ्यांवरच असावी लागते.

== संरक्षण ==

स्पर्धेच्या चष्म्याची २३ मिलिमीटरची काच डोळ्याचे रक्षण करते असे मानणे धोक्याचे आहे. तिच्या चारही बाजूंनी डोळा उघडा असतो, आणि ती खनिज काचेची असल्यास आघाताने तिचेच तुकडे होऊ शकतात. आयएसएसएफचे नियम सर्व खेळाडूंना न फुटणारा चष्मा किंवा तत्सम संरक्षण वापरण्याचा आग्रह करतात.

संरक्षक चष्म्याची गुणवत्ता जाहिरातीतील शब्दांवरून ओळखता येत नाही. ती काच आणि चौकट या दोहोंवर छापलेल्या मानकाच्या खुणेवरून ओळखावी. अमेरिकेच्या झेड ८७.१ या मानकातील वरच्या वर्गाच्या ('झेड ८७+') चष्म्यावर ६.३५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५.७ मीटर वेगाने मारून पाहतात. युरोपच्या ईएन १६६ या मानकात (आता त्याची जागा आयएसओ १६३२१ घेत आहे) 'एफ' वर्गासाठी ०.८६ ग्रॅमची गोळी ४५ मीटर वेगाने, 'बी' वर्गासाठी १२० मीटर आणि 'ए' वर्गासाठी १९० मीटर वेगाने मारतात. यांपैकी काड्यांच्या चष्म्याला फक्त 'एफ' वर्ग मिळू शकतो. 'बी' हा गॉगल आणि मुखकवचांसाठी, तर 'ए' केवळ मुखकवचांसाठी आहे. भारतात डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस ५९८३ हे मानक आहे.

हे आकडे ऊर्जेत मांडले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. 'एफ' वर्गाच्या चाचणीत काचेवर सुमारे ०.९ जूल ऊर्जा आदळते. स्पर्धेच्या एअर रायफलचा ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो आणि त्याची ऊर्जा सुमारे ७.५ जूल असते. म्हणजे असा चष्मा उलट फिरलेले शिशाचे कण, उडालेली टोपी, तबकडीचे तुकडे किंवा गरम वायू यांपासून वाचवण्यासाठी आहे, थेट लागलेल्या छऱ्यापासून नव्हे. अमेरिकी लष्कराच्या चष्म्यांसाठीची चाचणी (०.३७ ग्रॅमचा तुकडा, वेग सुमारे २०० मीटर) पुष्कळ कडक आहे, आणि त्या दर्जाच्या चष्म्यांची किंमतही त्यामुळे वाढते. 'बुलेटप्रूफ' म्हणून विकला जाणारा कोणताही चष्मा त्या शब्दाला पात्र नसतो.

साधे, खुणेचे औद्योगिक संरक्षक चष्मे भारतात काही शे रुपयांत मिळतात. त्यापुढची किंमत ओरखडारोधक लेप, बाष्परोधक लेप, बदलत्या काचा, मऊ नाकपट्टी आणि नाममुद्रा यांची असते. पॉलिकार्बोनेट मूळचे मऊ असल्याने यांतील पहिला लेप चैनीचा नसून आवश्यक आहे. नंबर असलेल्यांसाठी वळलेल्या काचेत नंबर घालणे अवघड आणि खर्चिक असते. त्याऐवजी आतून अडकवायची नंबराची छोटी चौकट स्वस्त पडते. काचेचा प्रकाशीय वर्गही पाहावा. ईएन १६६ मधील पहिल्या वर्गाच्या काचेत नंबराचा दोष ०.०६ डायॉप्टरपेक्षा अधिक नसतो, तर तिसऱ्या वर्गाची काच दीर्घकाळ घालण्यासाठी नसते.

== चष्म्याविना यश ==

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या विषयाची चर्चा सामान्य लोकांपर्यंत पोहोचली. दक्षिण कोरियाच्या किम ये-जी यांनी छिद्र आणि झापड असलेला चष्मा घालून १० मीटर एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसुफ दिकेच यांनी मात्र रोजचा चष्मा घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, १० मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारात शेवाल इलायदा तारहान यांच्यासह रौप्यपदक जिंकले. याच प्रकारात भारताच्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना कांस्यपदक मिळाले. दिकेच यांचे छायाचित्र पाहून 'उपकरणे निरुपयोगी' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो अपुरा आहे. ते २००८ पासून ऑलिंपिकमध्ये उतरत होते, आणि पिस्तूल नेमबाजीत मान जवळजवळ सरळ राहत असल्याने रोजच्या चष्म्यातूनही नजर काचेच्या मध्याजवळून जाते. गाल टेकवून पडलेल्या रायफल नेमबाजाला ही मुभा नसते.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

महाराष्ट्राला रायफल नेमबाजीची मोठी परंपरा आहे. अंजली भागवत यांनी २००२ मध्ये म्युनिक येथे 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' हा किताब मिळवला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथेच ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेते झाले. सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेल येथे आहे, तर पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. त्यांचे नेमबाजीचे सुरुवातीचे प्रशिक्षण नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले. मुलाच्या काडतुसांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. या खेळात पैसा प्रथम कशाला लागतो हे त्यावरून कळते. रायफल, जाकीट, छर्रे किंवा काडतुसे आणि रेंजचे शुल्क यांपुढे चष्म्याचा खर्च लहान असला, तरी तो बहुधा या सगळ्यांनंतर, उरलेल्या पैशांतून करावा लागतो.

इगतपुरी तालुक्यातील घोटीसारख्या बाजारपेठेच्या गावातील नेमबाजाला दूरचा नंबर काढून घेणे अवघड नाही. अडचण येते ती २३ मिलिमीटरची काच घासून घेताना. स्वयंचलित यंत्रांवर इतका लहान गोल सहसा कापता येत नाही. तो हाताने घासावा लागतो, आणि घासताना भिंगाचा मध्य बाजूला गेला तर चौकटीच्या सगळ्या स्क्रूंचा उपयोग संपतो. ३७ मिलिमीटरचे कडे निवडल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते. काच हाती आल्यावर भिंगमापक यंत्रावर नंबर आणि मध्य दोन्ही तपासून घ्यावेत. ही तपासणी काही मिनिटांत होते.

== निगा ==

जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावरील दमट हवेत आणि धुक्यात काचेवर बाष्प धरते. चष्मा पेटीतून काढून लगेच न वापरता काही मिनिटे उघड्या हवेत ठेवल्यास काचेचे तापमान भोवतालच्या हवेइतके होते आणि बाष्प कमी धरते. काच डोळ्यापासून किंचित दूर सरकवल्यानेही फरक पडतो. बाष्परोधक लेप कोरड्या फडक्याने चोळल्यास लवकर जातो. अशा काचा आधी पाण्याने धुऊन मग मऊ फडक्याने टिपाव्यात. शर्टाच्या टोकाने पुसल्यास धुळीचे कण पॉलिकार्बोनेटवर ओरखडे पाडतात. स्पिरिट किंवा ॲसिटोन वापरू नये, त्याने पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात आणि ते दिसण्यापूर्वीच काचेची ताकद कमी झालेली असते.

स्पर्धेच्या चौकटीची जुळवणी एकदा पक्की झाली की प्रत्येक मापाच्या रेषेवरील आकडा वहीत लिहून ठेवावा. तीन स्थितींत नेम धरणाऱ्याने तिन्हींचे आकडे वेगळे लिहावेत. चौकट दप्तरात कोंबून नेल्यास काड्या वाकतात, म्हणून ती टणक पेटीत ठेवावी.